बस्ता एकीचा, नंबर दुसऱ्याचा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

"लक्ष्मी रस्त्यावर आमचं साड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. कोथरूडला दुसरी शाखा आहे, तीन वर्षांपासून वेबसाइट आहे, शिवाय इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही ऑर्डर येतात. हे सगळं मी बघते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाईक मोबाइल नंबरावर आहे, वेबसाइटवर ईमेलवर आणि इन्स्टाग्रामवर तिथल्या नावावर. गेल्या दिवाळीत एका बाईंना आमचा एकच मेसेज चार वेळा गेला. दुसऱ्या एकींनी मुलीच्या लग्नाचा अख्खा बस्ता आमच्याकडे बांधला आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना 'बऱ्याच दिवसांत आला नाहीत' असा मेसेज गेला. त्यांनी सासऱ्यांना फोन करून चांगलंच सुनावलं. जाहिरातीचं काम बघणारे म्हणतात, सगळीकडे मोबाइल नंबर हीच ओळख धरा. दीर म्हणतात, आधार घ्या म्हणजे प्रश्नच मिटेल. सासरे म्हणतात, आम्ही माणसं चेहऱ्यानं ओळखतो, नंबर कसले लावता. मी कोणाचं ऐकू?"

ताई, तिघांत तुमचे सासरे बरोबर आहेत. हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाही. सदाशिव पेठेतली एखादी मुलगी लग्न होऊन सिंहगड रस्त्याला गेली, आडनाव बदललं, मोबाइल बदलला, तरी ती पायरी चढली की ते "ये, आई बरी आहे ना?" असंच विचारणार. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे माणूस. संगणकाला चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला एखादी खूण द्यावी लागते. ती खूण अशी हवी की माणसाचं बाकी सगळं बदललं तरी ती जागची हलणार नाही. मोबाइल बदलतो, ईमेल बदलतो, इन्स्टाग्रामचं नाव तर मुली सणासुदीला बदलतात. म्हणून यातलं काहीही मुख्य ओळख म्हणून धरू नका. दुकानाचा स्वतःचा एक ग्राहक क्रमांक काढा. तो प्रत्येकीला एकदाच द्या, पुढे कधीही बदलू नका, आणि मोबाइल, ईमेल वगैरे सगळं त्या क्रमांकाला जोडत जा.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण उलटं करून पाहिलेलं आहे. पूर्वी मी दुकानांच्या एका साखळीत ग्राहकांच्या नोंदी सांभाळायचे. तिथे मोबाइल नंबर हीच किल्ली, म्हणजे मुख्य ओळख, ठेवायची, हा निर्णय माझा होता. एक निवृत्त शिक्षिका आमच्या जुन्या ग्राहक होत्या. त्या काही महिने मुलाकडे परदेशी गेल्या, इथलं प्रीपेड सिम रिचार्जविना राहिलं आणि बंद पडलं. पुढे तो नंबर एका कॉलेजच्या मुलाला मिळाला. त्याला आमचा मेसेज गेला की तुमच्या खात्यावर पॉइंट जमा आहेत. तो दुकानात आला, नंबर सांगितला, ओटीपीही त्याच्याच फोनवर आला. काउंटरवरच्या मुलीनं नाव "दुरुस्त" करून पॉइंट वापरू दिले. त्यानं चोरी केली असं मी म्हणणार नाही, आम्हीच त्याला बोलावलं होतं. बाई परत आल्या आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी दुकानात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत सगळी जुनी बिलं नीट घडी घालून आणली होती. "माझ्या नावावर काहीच नाही म्हणता?" एवढंच त्या म्हणाल्या. खरंच काही नव्हतं. त्यांची सगळी खरेदी त्या मुलाच्या नावाखाली गेली होती आणि ती वेगळी काढायला त्यांच्या पिशवीतल्या बिलांखेरीज आमच्याकडे कसलाही आधार नव्हता. एकेक बिल हातानं भरावं लागलं.

बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, हे ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं आहे. पण ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याचा होऊ शकतो, आणि तुमच्या संगणकाला ते कुणीही कळवत नाही. हा मोबाइलचा पहिला दोष. दुसरा दोष तुमच्या धंद्यात जास्त छळेल: आपल्याकडे नंबर माणसाचा असतोच असं नाही, बऱ्याचदा तो घराचा असतो. आजी मुलाचा नंबर देतात, सासू सुनेचा देते, आणि बस्त्याला आलेल्या दहा जणींत जो पुरुष पैसे देतो त्याचा नंबर बिलावर चढतो.

तुमच्या त्या बाईंचं नेमकं हेच झालं असणार. बिल मुलीच्या मामाच्या किंवा नवऱ्याच्या नंबरावर निघालं आणि बाईंची स्वतःची जुनी नोंद तशीच पडून राहिली. संगणकाला वाटलं या आल्याच नाहीत. फॉल-पिकोच्या चिठ्ठीवर मात्र त्यांचं नाव आणि त्यांचाच नंबर असेल, कारण साड्या न्यायला त्याच येणार. आज बसून ती चिठ्ठी आणि ते बिल शेजारी ठेवून बघा. एकाच खरेदीचे दोन कागद, त्यावर दोन नंबर. चार वेळा गेलेल्या मेसेजचं मूळही असंच सापडेल: एका शाखेत नंबर नुसता दहा आकडी, दुसरीत पुढे शून्य लावलेला, व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत ९१ जोडून, आणि वेबसाइटवर ईमेलनं. एक बाई, चार ओळी.

आता क्रमांक कसा काढायचा ते सांगते. त्यात काहीही अर्थ भरू नका. शाखेचा कोड, वर्ष, आडनावाचं पहिलं अक्षर, "सोन्याचं गिऱ्हाईक, चांदीचं गिऱ्हाईक" असलं काही नको. कोथरूडचा कोड असलेली बाई लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करू लागली की तो कोड खोटा ठरतो, मग कुणीतरी तो "सुधारतं" आणि जुनी बिलं सुटी पडतात. १, २, ३ असा ओळीनंही देऊ नका. वेबसाइटच्या पत्त्यात एक आकडा बदलून शेजारणीचं बिल दिसण्याची वेळ येते. तशी दारं बंद करणं वेबसाइटवाल्याचं काम आहे, पण क्रमांकही अंदाजानं सांगता येऊ नये. त्याला सांगा की आतल्या नोंदीसाठी यूयूआयडी वापरा. तो १२८ बिटांचा लांबलचक यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेला, क्रमांक असतो. दोन शाखा आणि वेबसाइट यांनी एकमेकांना न विचारता आपापले क्रमांक काढले तरी टक्कर होण्याची भीती व्यवहारात धरायला नको. इंटरनेट बंद पडलं तरी काउंटर थांबत नाही, हा त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण.

तो लांब क्रमांक माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे कार्डावर छापायला आणि काउंटरवर सांगायला एक छोटा, आठ आकडी क्रमांक वेगळा ठेवा. कार्ड हरवलं तर हा छोटा बदलता येतो, आतला तोच राहतो.

या छोट्या क्रमांकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मराठीत एक खास घोळ होतो. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर. घाईत लिहिणाऱ्या मुलीच्या हातून ७२ लिहिलं जातं. एकोणतीस आणि एकोणचाळीसचा गोंधळ तर रोजचा. यावर जुना, साधा उपाय आहे तो तपास अंकाचा, म्हणजे आधीच्या अंकांवरून हिशेबानं काढून शेवटी जोडलेल्या अंकाचा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि बँकांच्या कार्डांवरचा शेवटचा अंक आजही त्याच हिशेबानं ठरतो. समजा तुमचे सात अंक आहेत ४८२७३१६. उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर त्याचे दोन्ही आकडे मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची. सहाची दुप्पट बारा, म्हणून तीन, मग एक, तीनचे सहा, सात, दोनचे चार, आठ, चारचे आठ. बेरीज ३७. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ४० ला, तीन कमी. म्हणून आठवा अंक ३, आणि पूर्ण क्रमांक ४८२७३१६३. आता कुणी सत्तावीस ऐकून ४८७२३१६३ टाइप केलं तर बेरीज ३३ येते, शेवटचा अंक ७ हवा असतो, पण आहे ३. पडद्यावर लगेच लाल खूण येते आणि बाई समोर उभ्या असतानाच चूक सुधारते. एकच अंक चुकला तर ही पद्धत दर वेळी पकडते. शेजारचे दोन अंक उलटे झाले तर ०९ आणि ९० ही जोडी सोडून बाकी सगळं पकडते. म्हणून त्या एका जोडीचे क्रमांक काढूच नका. हे सगळं संगणक करेल, मुलींना काही पाठ करायला लागणार नाही.

दिरांच्या आधारविषयी थोडक्यात. ते नको. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली, आणि साडीच्या मेसेजसाठी कुणाचा आधार आपल्या संगणकात असणं ही जोखीम कुठल्याही दुकानदारानं घेऊ नये. पॅनचंही तसंच. दोन लाखांवरच्या बस्त्याला पॅन घ्यावाच लागतो, पण तो हिशेबाच्या कप्प्यात राहू द्या, जाहिरातीच्या यादीत कधीही येऊ देऊ नका. यूपीआयचा पत्ता ओळख म्हणून चालेल का, असंही कुणी सुचवेल. पैसे मामांनी दिले, साडी नेसणार भाची, एवढं आठवलं तरी पुरे.

मोबाइल आणि ईमेल टाकून द्या असं मात्र मी म्हणत नाही. माणूस शोधायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. फक्त त्यांची जागा बदला. ग्राहकांचा एक तक्ता आणि त्यांच्या खुणांचा दुसरा तक्ता करा. दुसऱ्यात प्रत्येक ओळीवर लिहा: कोणता ग्राहक क्रमांक, कसली खूण, ती केव्हापासून माहीत आहे, ओटीपीनं किंवा ईमेलवरच्या लिंकनं तपासली का, आणि नंबर बदलला तर कोणत्या तारखेला संपली. जुना नंबर पुसायचा नाही, त्याला शेवटची तारीख घालायची. आमच्याकडे एवढी एक तारीख असती तर त्या शिक्षिकाबाईंना पिशवी घेऊन यावं लागलं नसतं. आणि बरेच महिने शांत असलेल्या नंबरावरून कुणी पॉइंट वापरायला आलं, तर ओटीपीवर भागवू नका. छोटा क्रमांक किंवा एखादं जुनं बिल विचारा.

खुणा भरण्याआधी त्या एकसारख्या करून घ्या. मोबाइल सगळीकडे अधिकचं चिन्ह, ९१ आणि दहा अंक असाच ठेवा, मधल्या मोकळ्या जागा आणि पुढची शून्यं काढून. ही यादी एक्सेलमध्ये उघडताना तो स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवा. नाहीतर ९१ धरून बारा आकडी झालेला नंबर एक्सेल ९.१९ई+११ अशा रूपात दाखवतं, त्यातूनच कुणीतरी सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची, फाइल बनवतं आणि खरे अंक कायमचे जातात. अशी बिघडलेली फाइल मी एकदा नाही, अनेकदा हातात घेतली आहे. ईमेल लहान लिपीत करा. जीमेलच्या पत्त्यात नावामधले टिंब मोजले जात नाहीत, म्हणून टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकाच पेटीत पोचतो. अ‍ॅपलनं लॉगिन करणाऱ्या बाई खरा पत्ता लपवू शकतात, मग तुमच्याकडे एक मध्यस्थ पत्ता येतो आणि तो दुकानातल्या ईमेलशी कधीच जुळणार नाही. इन्स्टाग्रामवरून संदेश आला की तिथलं दिसणारं नाव न जोडता आतला आयडी जोडा. तोही तुमच्या खात्यापुरताच असतो, दुसऱ्या कुठल्या यादीशी तो जुळवता येत नाही.

आता सगळ्यात नाजूक काम: दोन नोंदी एक करणं. इथे घाई केली तर आजच्यापेक्षा वाईट होईल. एका बाईंच्या दोन नोंदी राहिल्या तर फार तर एक मेसेज जास्त जातो. दोन बायकांची एक नोंद झाली तर सासूला सुनेची खरेदी दिसते. एखाद्या सुनेनं माहेरच्या लग्नासाठी घेतलेल्या पैठणीची किंमत सासूबाईंच्या फोनवर गेली, तर त्या घरात काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तपासलेल्या दोन खुणा जुळल्या तरच संगणकाला आपोआप जोडू द्या. एकच जुळत असेल तर ती जोडी "बघायची आहे" या यादीत टाका. नावावर तर कधीच विसंबू नका. इंग्रजीत लिहिताना दीक्षित, चौधरी, गायकवाड यांची स्पेलिंगं प्रत्येक घरात वेगळी, माहेरचं आणि सासरचं आडनाव वेगळं, आणि एकाच सोसायटीत दोन वैशाली कुलकर्णी सहज सापडतात. नाव आधाराला घ्या, पुरावा म्हणून नको. आणि जे जोडाल ते उलटवता आलं पाहिजे: कुणी, केव्हा, कशावरून जोडलं याची नोंद ठेवा आणि दोन्ही जुने क्रमांक जिवंत ठेवा.

घरासाठी वेगळा कुटुंब क्रमांक करा. बस्त्याच्या बिलावर मग तीन जागा येतील: पैसे कोणी दिले, खरेदी कोणासाठी, आणि पुढे कळवायचं कोणाला. तिसरी जागा तुमच्या धंद्यात सगळ्यात मोलाची आहे. पैसे देणाऱ्या मामांना साड्यांचे फोटो पाठवून काही होणार नाही.

जाहिरातवाले तुमच्याकडे यादी मागतील, कारण मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम) आणि गूगलवर आपली गिऱ्हाइकं शोधायला मोबाइल आणि ईमेलच लागतात. तिथे ते एसएचए-२५६ या पद्धतीनं ६४ अक्षरी सांकेतिक ओळीत बदलून पाठवले जातात, यालाच हॅश करणं म्हणतात. गूगलला नंबर अधिकच्या चिन्हासह हवा, मेटाला देशाचा कोड हवा पण चिन्हं नकोत, म्हणून प्रत्येकासाठी वेगळं तयार करावं लागतं. पण "हॅश केलं म्हणजे माहिती लपली" असं कुणी म्हणालं तर मानू नका. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ पासून सुरू होणारे दहा अंकी, म्हणजे सगळे मिळून फार तर ४०० कोटी. ते सगळे हॅश करून यादीशी ताडून पाहणं साध्या संगणकालाही जड नाही. म्हणजे ती यादी नंबरांची यादी समजूनच सांभाळा, पेनड्राइव्हवर फिरू देऊ नका. वेबसाइटवर कोण येतं-जातं ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये यूजर आयडी म्हणून ईमेल किंवा मोबाइल पाठवायला गूगलचीच मनाई आहे. तिथे तुमचा लांबलचक आतला क्रमांक पाठवा. कुकीवर, म्हणजे वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या खुणेवर, भिस्त ठेवू नका. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरनं मार्च २०२० पासून तिऱ्हाईत वेबसाइटांच्या कुकी पूर्ण बंद केल्या, आणि पानावरच्या स्क्रिप्टनं ठेवलेल्या तुमच्या स्वतःच्या कुकीही तिथे सात दिवसांत जातात. बाई पंधरवड्यानं परत आल्या तर आयफोनवर त्या नव्याच दिसतात. लॉगिन करायला त्यांना काही कारण द्या, ऑर्डर कुठे पोचली ते दाखवणं किंवा फॉल-पिको झालं का ते कळवणं.

संमतीचं मी शेवटी लिहिते आहे, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं आहे की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. म्हणजे नंबर न देणाऱ्या बाईंनाही तुमचा ग्राहक क्रमांक देता आला पाहिजे, आणि हे मोबाइलला किल्ली न करण्याचं आणखी एक कारण झालं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात एक अट अशी की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर "आता मेसेज नकोत" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एसएमएस गेला, तर त्यांच्या दृष्टीनं तुम्ही ऐकलंच नाही. नकार माणसाच्या क्रमांकावर नोंदवा, नंबरावर नको, म्हणजे तो सगळीकडे लागू होईल. नंबर पुढे दुसऱ्याचा झाला, तर आधीच्या बाईंची संमती त्याला चिकटून जायला नको.

सुरुवात कोथरूडपासून करा, आणि फक्त गेल्या दोन वर्षांच्या बिलांवर. तिथली यादी लहान आहे. नवीन बिलं आजपासून नव्या क्रमांकानं निघू द्या, जुनी हळूहळू जोडा. "बघायची आहे" ही यादी छापून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांपुढे ठेवा. "या दोघी जावा आहेत, एक नाहीत" हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. ते सांगतील ते तिथेच लिहून घ्या.

त्याआधी एक फोन करा, बस्ता बांधलेल्या त्या बाईंना. मेसेज का गेला ते जसं घडलं तसं सांगा, त्यांचा स्वतःचा नंबर विचारून त्यांच्या नावावर घ्या, आणि फॉलला दिलेल्या साड्या कोणत्या दिवशी तयार होतील ते सांगा.